खेळातली उचल

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मोबाईलला रेंज कुठे येते हे परक्या माणसाला विचारावं लागत नाही. पोरं जिथे दाटीवाटीने बसलेली दिसतील तिथे रेंज असते. पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवर ही जागा म्हणजे पाण्याच्या टाकीखालचा सिमेंटचा कट्टा. जनावरांना पाणी पाजून दावणीला बांधलं की एकेक जण तिथे येऊन टेकतो. चौघांचं स्क्वॉड जमतं. प्रत्येकाच्या एकाच कानात इअरफोन असतो. घरून हाक आली तर ऐकू यावी म्हणून दुसरा कान मोकळा. मग ओरडा सुरू होतो. "मागं बघ, मागं!" "कव्हर दे गड्या." "मेलो मी, उचल मला, लवकर उचल!"

संपादकांनी 'गावातले खेळ' हा विषय कळवला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हेच कट्टे आले. विटीदांडू आणि यात्रेतल्या कुस्त्यांवर पुष्कळ लिहून झालंय. फोनवरच्या फुकट खेळांबद्दल मात्र आपण दोनच सुरांत बोलतो, एक तर पोरं बिघडली म्हणून हळहळतो, नाही तर पोलिसांत गेलेल्या एखाद्या प्रकरणाची बातमी वाचतो. खेळ चालतो कसा, त्यात पैसा कुठून शिरतो आणि बीडसारख्या जिल्ह्यात तो कोणत्या वाटेने घरात येतो, हे बघायला मी गेले. बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला. पबजी त्याच्या सात वर्षं आधी, 2018 मध्ये देशात आला आणि डोंगरातल्या वस्त्यांवर पोचायला त्याला रुळांची वाट बघावी लागली नाही.

टाकीखाली चालतो तो खेळ फ्री फायर. पबजी का नाही, असं विचारल्यावर दहावीतला मुलगा म्हणाला, "ताई, त्यो जड हाय. आमच्या फोनात घेतला की फोन तापतो अन् अडकतो." फ्री फायर कमी ताकदीच्या फोनवर चालतो. एका डावात पन्नास खेळाडू, आणि डाव साधारण दहा मिनिटांत आटोपतो. पबजीत शंभर जण असतात आणि अर्धा तास जातो. घरून कधीही हाक येऊ शकते अशा मुलाला दहा मिनिटांचा डावच परवडतो. सिंगापूरच्या 'सी' या कंपनीच्या गरीना शाखेचा हा खेळ. 2021 मध्ये एकेका दिवशी जगभरातले पंधरा कोटींच्या वर लोक तो खेळत होते. त्यात स्वस्त फोनवाल्या देशांचा वाटा मोठा.

सरकत जाणारं जग

फुकट खेळात पैसा शिरण्याच्या या वाटेची सुरुवात बंदुकीच्या खेळातून झालेली नाही. ती झाली एका गोंडस, रंगीत, सरळ रेषेत चालणाऱ्या खेळात.

नव्वदीच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता त्यांना मारिओ आणि काँट्रा आठवत असतील. बुटका नायक डावीकडून उजवीकडे पळतो, पाठीमागचं चित्र सरकत राहतं. तिथे आपण एकटे असायचो, फार तर शेजारी बसलेला भाऊ जोडीला. एप्रिल 2003 मध्ये दक्षिण कोरियात विझेट या छोट्या कंपनीने याच चालीचा 'मेपलस्टोरी' आणला. नेक्सॉन या मोठ्या कंपनीने तो चालवला. पडदा तसाच बाजूने दिसणारा, दोर आणि शिड्या तशाच, मारायला गोगलगायी आणि नारिंगी टोपीच्या अळंब्या. पण त्या रस्त्यावर एकाच वेळी हजारो माणसं चालत होती आणि प्रत्येक पात्रामागे कुठेतरी एक खरा माणूस बसलेला होता. सुरुवातीला कुणीही उघड्या हाताचा नवशिका. पुढे योद्धा, जादूगार, तिरंदाज किंवा चोर यांतली एक वाट निवडायची आणि पातळी वाढवत न्यायची. गोष्टीला शेवट नाही.

चित्र सपाट असल्याने खेळ हलका होता आणि साध्या कॉम्प्युटरवर पळायचा. खेळायला पैसे लागत नव्हते. तेव्हा ऑनलाइन खेळांना महिन्याची वर्गणी भरावी लागे. नेक्सॉनने त्याआधीच 'क्विझक्विझ' नावाच्या एका खेळात वर्गणी काढून टाकून पात्रांचे कपडे विकण्याचा प्रयोग केला होता. मेपलस्टोरीत तो नीट रुजला. दार उघडं ठेवायचं, आत दुकान मांडायचं. दुकानातले कपडे, टोप्या, केस यांतल्या बऱ्याच वस्तू नव्वद दिवसांनी नाहीशा व्हायच्या. पुन्हा हव्या असतील तर पुन्हा पैसे.

दुसरी कल्पना 2004 मध्ये याच खेळाच्या जपानी आवृत्तीत आली. जपानमध्ये रस्तोरस्ती नाणं टाकून मूठ फिरवायची यंत्रं असतात. आतून एक गोळा पडतो, त्यात कोणतं खेळणं आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. तसलं यंत्र खेळात बसवलं. तिकीट विकत घ्यायचं आणि नशिबात असेल ते मिळवायचं. आज फोनवरच्या जवळजवळ प्रत्येक फुकट खेळात जी फिरकी, पेटी, सोडत असते, तिचं मूळ शोधत गेलं की बहुतेक अभ्यासक या यंत्रापाशी येऊन थांबतात. पाटोद्याच्या कट्ट्यावरच्या पोरांनी मेपलस्टोरीचं नावही ऐकलेलं नाही. फिरकी मात्र त्यांना चांगली ठाऊक आहे.

पाव टन ऊस

फ्री फायरमधलं चलन म्हणजे डायमंड. शंभर डायमंडचा छोटा पॅक शंभर रुपयांच्या आत बसतो. मुलाकडे बँक खातं नसतं, असलं तरी त्याला जोडलेला नंबर वडिलांचा. म्हणून तो तालुक्याच्या गावी मोबाईल शॉपीत जातो.

अशा एका शॉपीत मी दुपारभर बसले. बाजाराचा दिवस होता. काउंटरवर रिचार्ज, स्क्रीनगार्ड, आधार झेरॉक्स आणि पीकविम्याच्या पावत्या यांची झुंबड. त्यातून एक मुलगा वाट काढत आला. दहाच्या चुरगळलेल्या नोटा त्याने काचेवर ठेवल्या आणि एक लांबलचक आकडा न अडखळता म्हणून दाखवला. तो त्याचा खेळातला यूआयडी. दुकानदाराने फोनवर तो टाकला, स्वतःच्या यूपीआयमधून पैसे भरले आणि पडदा वळवून दाखवला. "नाव बघ, तुझंच ना?" पोराने आपल्या फोनवर खेळ उघडला, डायमंडचा आकडा वाढलेला पाहिला आणि गेला. सगळा व्यवहार दोन-तीन मिनिटांचा. पावती नाही, वय विचारणं नाही, घरात कुणाच्या फोनवर मेसेज जाणं नाही. दुकानदाराला यात चार-पाच रुपये सुटतात.

तो माणूस वाईट नव्हता. "मी नाही दिलं तर पलीकडचा देतो," एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते खरं होतं. शहरातल्या घरांत आईवडिलांचं कार्ड वापरून मुलांनी मोठ्या रकमा उडवल्याच्या बातम्या येतात. गावात रक्कम लहान असते, रोख असते, आणि म्हणून ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तिची किंमत कळायला बीड जिल्ह्याचं माप लावायला हवं. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. ऊसतोडीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. शंभर रुपये म्हणजे पाव टनाहून जास्त ऊस: बुडापाशी वाकून तोडायचा, पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या, आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. हा हिशोब मी कट्ट्यावर मांडला तेव्हा पोरं गप्प झाली नाहीत. त्यातला सर्वांत मोठा, बारावीनंतर दोन हंगाम तोडीला जाऊन आलेला, लगेच म्हणाला, "ताई, गुटख्याला ह्याच्या दुप्पट जात्यात. त्याचा हिशोब कोण करतं?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. स्वतः तोडलेल्या उसाच्या पैशातून त्याने पात्राला एक जाकीट घेतलं होतं आणि ते त्याला मनापासून आवडत होतं.

इथं बी खाडा हाय का?

त्याच वस्तीवर एका घरी चहाला थांबले. घरची बाई चाळिशीच्या आतली, लग्न झाल्यापासून दर हंगामाला नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाणारी. दसरा जवळ आल्याने घरात मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, फेऱ्या सुरू झाल्या होत्या. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याची उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, आधीच हातात पडलेली. त्यातून कर्जाचा हप्ता गेला होता, घरावरचे पत्रे आले होते आणि एक फोन आला होता. फोन दहावीतल्या मुलासाठी. तो यंदा आजीजवळ राहणार, आणि फडातून त्याचं तोंड बघता यावं म्हणून फोन हवा. खेळ त्या फोनात नंतर शिरला.

मी मुलाला म्हटलं, आईला खेळ दाखव. त्याने उत्साहाने उघडला. उघडल्या उघडल्या एक चौकट आली: आजच्या हजेरीचं बक्षीस. सात घरं, चार भरलेली, पाचवं चमकणारं. आईने विचारलं हे काय. त्याने सांगितलं की रोज एकदा उघडायचं, सातव्या दिवशी मोठं बक्षीस मिळतं.

"अन् एक दिस न्हाई उघडलं तर?"

"तर त्या दिवसाचं जातं."

"म्हंजी इथं बी खाडा हाय का?"

ऊसतोडीत खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. आजारपण असो, पाळी असो, मूल तापलेलं असो, त्या दिवसाचे पैसे उचलीतून कापले जातात. खेळाची रचना करणाऱ्यांनी हजेरीची चौकट कोणत्या शास्त्रावर बसवली हे तिला माहीत असण्याचं कारण नाही, पण ती पाहताक्षणी तिला तिचा उपयोग कळला. मग मुलाने बूयाह पास दाखवला. महिन्याच्या सुरुवातीला डायमंड देऊन पास घ्यायचा. पण घेतला म्हणजे वस्तू मिळाल्या असं नाही. रोज दिलेली कामं करायची: इतके डाव खेळा, इतके गडी मारा, अमुक बंदुकीने मारा. कामं केली की पायऱ्या चढता येतात आणि पायरीपायरीवर वस्तू सुटत जातात. महिना संपायच्या आत वर पोचलं नाही तर वरच्या वस्तू गेल्या.

आईने चहाचा कप खाली ठेवला. "मुकादम पैसे देतो अन् काम घेतो. इथं पैसे बी ह्यानंच द्यायचे, अन् काम बी ह्यानंच करायचं?"

या धंद्यावरचे बरेच लेख मी वाचलेत. इतक्या थोडक्या शब्दांत कुणी तो समजावून दिला नव्हता. फुकट खेळाची उचल वेगळ्या रूपात असते. पहिल्या दिवशी पात्र फुकट, दोन-तीन झकपक कपडे मुदतीवर वापरायला, पहिल्या खरेदीवर दुप्पट माल. एकदा अंगावर घेतलं की फेड सुरू, आणि ती पैशापेक्षा जास्त हजेरीने. पैसे न देणारी मुलंही कंपनीला हवी असतात, कारण पन्नास जणांचा डाव भरायला पन्नास जण लागतात आणि नवं जाकीट बघायला कुणीतरी समोर असावं लागतं. फरक इतकाच की ऊसतोडीत उचल किती आणि टनाचा दर काय हे निदान तोंडी ठरतं.

मुलगा थोडा हिरमुसला. "पण मजा येती ना आई." त्यावर ती हसली. "येती तर खेळ की. मी कवा न्हाई म्हणलं?"

शंभर चिंचोके

दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात चौथं प्रकरण अर्थनियोजन आणि पाचवं संभाव्यता. त्यात नाणं, फासे आणि पत्ते यांची उदाहरणं आहेत. कट्ट्यावरच्या दहावीतल्या मुलाला सूत्र पाठ होतं. खेळातल्या फिरकीत हेच चालतं का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "न्हाई, ती नशिबाची असती."

मी एका आजीकडून चिंचोके मागून घेतले. शंभर मोजले, एकाला चुन्याचा ठिपका दिला, सगळे कापडी पिशवीत टाकले. नियम असा: न बघता एक काढायचा, दाखवायचा, परत टाकायचा, पिशवी हलवायची. म्हणजे दर वेळी शक्यता शंभरात एक. पोरांनी रांग लावली. थोड्याच वेळात सर्वांत लहान मुलाच्या हातात ठिपक्याचा आला आणि एकच गलका झाला. त्याच्यानंतर जे घडलं ते मी विसरणार नाही. रांग मोडली. बाकीचे आपापली पाळी त्याला देऊ लागले. "ह्याचा हात लकी हाय, ह्यालाच काढू द्या." तो काढत राहिला, आणि साधे चिंचोके येत राहिले. मग दुसरं मत पुढे आलं: इतक्या वेळा आला नाही म्हणजे आता येणारच. अंधार पडू लागला तरी पोरं पिशवी सोडेनात.

शंभरात एक शक्यता असेल आणि शंभर वेळा प्रयत्न केला, तर निदान एकदा मिळेल याची खात्री असते असं बहुतेकांना वाटतं. हिशोब वेगळा आहे. अशा शंभर मुलांनी प्रत्येकी शंभरदा हात घातला तर साधारण 63 जणांना ठिपका दिसेल आणि 37 जणांना एकदाही दिसणार नाही. तीनशे वेळा हात घातला तरी शंभरातली पाच मुलं रिकामीच राहतील. पिशवीला मागचं काही आठवत नसतं.

आणि पिशवीत ठिपक्याचा चिंचोका आहे, हे तरी कुणी सांगावं? मेपलस्टोरीत 2010 मध्ये 'क्यूब' नावाची वस्तू आली. ती वापरली की शस्त्राचे किंवा कपड्याचे गुण नव्याने, नशिबाने ठरत. तीन चांगले गुण एकत्र आले तर पात्र कमालीचं बलवान. लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पैसे ओतले. 2021 च्या फेब्रुवारीत कंपनीने दुसऱ्याच एका वस्तूबद्दल जाहीर केलं की यापुढे सगळे गुण सारख्या शक्यतेने येतील. खेळाडूंनी विचारलं, म्हणजे आतापर्यंत सारखे नव्हते? चिडलेल्या खेळाडूंनी वर्गणी काढून मोठे पडदे लावलेले ट्रक भाड्याने घेतले आणि पांग्योतल्या कंपनीच्या कार्यालयासमोर आणि संसदेसमोर उभे केले. पडद्यांवर त्यांचे प्रश्न झळकत होते. मार्चमध्ये कंपनीला क्यूबची शक्यता उघड करावी लागली. तेव्हा कळलं की सर्वांत मागणी असलेल्या काही जुळण्यांची शक्यता शून्य होती. ऑगस्ट 2011 पासून मार्च 2021 पर्यंत त्या पिशवीत ठिपक्याचा चिंचोकाच नव्हता. दुसऱ्या एका क्यूबमध्ये वरच्या दर्जाला जाण्याची शक्यता कुणाला न सांगता 1.8 टक्क्यांवरून हळूहळू 1 टक्क्यावर आणली होती.

जानेवारी 2024 मध्ये कोरियाच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने नेक्सॉनला सुमारे 1,160 कोटी वॉन, म्हणजे तेव्हाच्या दराने सत्तर कोटी रुपयांहून जास्त, दंड ठोठावला. त्याच वर्षी मार्चपासून सोडतीची शक्यता जाहीर करणं तिथे कायद्याने बंधनकारक झालं. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका खेळाडूला त्याच्या खर्चाचा काही भाग परत देण्याचा निकाल कायम ठेवला. जपानने 2012 मध्येच सोडतीतल्या वस्तूंचा पूर्ण संच जमवायला लावणारा प्रकार बंद पाडला होता आणि बेल्जियमने 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं. हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा ट्रकचा भाग पोरांनी पुन्हा सांगायला लावला.

मग आम्ही त्यांच्या खेळातली फिरकी उघडली. एका कोपऱ्यात बारीक चिन्ह होतं. त्यावर बोट ठेवल्यावर शक्यतांची इंग्रजी यादी उघडली. प्ले स्टोअर आणि ॲपल या दोघांचेही असे आकडे द्यायचे नियम आहेत, म्हणून ती तिथे होती. चौघांपैकी कुणीही ती आधी उघडलेली नव्हती. फेडेड व्हील नावाच्या फिरकीची रीत मात्र त्यांना पक्की ठाऊक होती. एकदा मिळालेली वस्तू पुन्हा येत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत गेलं तर मोठं बक्षीस मिळतंच. पण पहिली फिरकी स्वस्त आणि पुढची प्रत्येक आधीपेक्षा महाग. "मधी थांबलं तर आधीचे वाया गेल्यावानी वाटत्यात," मोठा मुलगा म्हणाला. डायमंड संपतात ते नेमके मधेच.

बंदीच्या तीन खेपा

सरकारने तीनदा या जगात हात घातला. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीसह 118 ॲपवर बंदी आली. पुढच्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, 2022 मध्ये पुन्हा दुकानांतून निघाला आणि 2023 च्या मे महिन्यात पुन्हा आला. 14 फेब्रुवारी 2022 ला फ्री फायर बंद झाला, पण त्याची 'मॅक्स' ही आवृत्ती चालूच राहिली. कट्ट्यावर या बंदीची आठवण एवढीच: एका दिवसात सगळ्यांनी मॅक्स घेतला, जुनी आयडी तशीच चालली.

तिसरी खेप मोठी. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ, म्हणजे रमीपासून फँटसी क्रिकेटपर्यंत, बंद. हे आवश्यक होतं असं माझं मत आहे. रमीच्या नादात कर्जात बुडालेली घरं मराठवाड्यात दाखवावी लागत नाहीत. पण या कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे खेळ वेगळे काढले. फ्री फायरमध्ये पैसे आत जातात, बाहेर येत नाहीत. जाकीट विकून कुणी ऊस सोडत नाही. म्हणून पाव टनाची फिरकी कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि सोडतीची शक्यता खेळणाऱ्याच्या भाषेत, दिसेल अशी सांगा, अशी सक्ती त्यात नाही. मला बंदीपेक्षा या एका नियमाची ओढ जास्त आहे.

कोपीत रेंज

हंगाम सुरू झाला की हे स्क्वॉड फुटतं. मोठा मुलगा टोळीबरोबर बेळगावकडे. दुसरा आईवडिलांबरोबर सांगलीच्या बाजूला, कारण घरी सांभाळायला कुणी नाही. तिसरा वसतिगृहात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात, आणि 2021 च्या योजनेतली संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी वसतिगृहंही आहेत. चौथा आजीजवळ वस्तीवर.

फडात पहाटे उठून तोड असते, गाडी भरायला रात्रही होते. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वीज नाही. पॉवर बँक कारखान्याच्या गेटजवळच्या टपरीवर पैसे देऊन चार्ज करायची. पण रेंजचं दुःख तिकडे नाही. "तिकडं फुल्ल असती ताई, इथल्यापेक्षा भारी," मोठा मुलगा म्हणाला. रात्री जेवणं झाली की चौघं चार ठिकाणांहून खेळ उघडतात. लॉबीत, म्हणजे डाव सुरू होण्याआधी थांबायच्या जागेत, चार पात्रं शेजारी शेजारी उभी राहतात. बऱ्याचदा डाव सुरूच करत नाहीत.

"मग काय करता?"

"बोलतो. नुसतं उभं राहून."

"फोन का करत नाही? बोलायचंच तर."

तो जरा थांबला. "फोन केल्यावर काय बोलावं ते सुचत न्हाई. इथं सुचतं."

मेपलस्टोरीचे जुने खेळाडू त्या खेळाबद्दल सांगतात तेव्हा त्यांना राक्षस कमी आणि हेनेसिस नावाचं गाव जास्त आठवतं. तिथल्या बाजारात लोक आपली पात्रं बसवून तासन्‌तास गप्पा मारायचे. माणसं खेळाला चिकटतात त्यात हजेरीची चौकट आणि फिरकी यांचा हात असतो, पण त्यांच्याखाली ही दुसरी ओढ असते. कंपनीला तिची नेमकी किंमत माहीत आहे. फोन हिसकावून घेणाऱ्या मोठ्यांना ती माहीत नसते. सहा महिने मित्रांपासून तुटलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाकडून लॉबी काढून घेतली तर त्या जागी काय देणार, या प्रश्नाला वसतिगृहातल्या एका शिक्षकांनी मला सरळ उत्तर दिलं. ते रात्री अर्धा तास फोन देतात आणि त्या वेळात आईवडिलांना आधी लावायला सांगतात, मग खेळ. आदळआपट होते, पण चालतं.

जायच्या आदल्या दिवशी

चहा पाजणारी ती बाई टोळी निघायच्या आदल्या दिवशी बाजाराला आली. ताडपत्री, पाच लिटरचा तेलाचा डबा, मीठ, मसाला, कोयत्याला धार. शेवटी मुलाला घेऊन ती मोबाईल शॉपीत शिरली. मी तिच्याबरोबर होते. दुकानदाराला वाटलं रिचार्ज हवाय.

"रिचार्ज मारा. अन् आजून एक. ह्यो पोरगा त्ये डायमंड घ्यायला यील. महिन्याला एकदाच द्यायचं. लहान पुडी. त्येच्या वर मागितलं तर मला फोन लावायचा."

दुकानदार म्हणाला, "मावशी, सगळ्यांचं कसं लक्षात ठेवू?"

"ध्यानात कशाला ठेवता? लिव्हा की."

उधारीची वही काउंटरवरच होती. त्याने मुलाचं नाव लिहिलं, तिचा नंबर लिहिला. तिने रक्कमही लिहायला लावली. मग ती मुलाकडे वळली, वाच म्हणाली. त्याने मान खाली घालून वाचलं. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या एका बाईने विचारलं, हे कशाचं चाललंय. हिने तिला सांगायला सुरुवात केली, आणि ऐकून झाल्यावर तिनेही आपल्या पोराचं नाव सांगितलं. दुकानदाराने पान उलटलं, वर आडवी रेघ मारली आणि तिसरा रकाना पाडत विचारलं, "रात्री फोन लागतो का तिकडं? का दुपारचाच करू?"

"राच्च्याला करा. दुपारी आमी मोळ्या वाहतो."